केळ्याचा केचप करणारी मारिया ओरोसा

आज एका लाल बाटलीची गोष्ट सांगते. बाटली केचपची आहे, पण त्यात टोमॅटो नाही, केळी आहेत.

सुरुवात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरातून करू. तिथे फिलिपिन्समधून आलेल्या लोकांची एक जुनी वस्ती आहे. त्या वस्तीत ‘द पार्क्स फाइनेस्ट’ नावाचं हॉटेल आहे. तिथे अमेरिकन बार्बेक्यू मिळतं, म्हणजे धुरावर मंद शिजवलेलं मांस. पण सोबत नारळाच्या दुधात शिजवलेलं मांसही असतं. मक्याचा गोडसर पाव तर फिलिपिन्समधल्या ‘बिबिंका’ या तांदळाच्या केकच्या धर्तीवर केलेला. आपण काय खातो, काय खात नाही, तो प्रश्न बाजूला ठेवू. या दोन चवी एकत्र आल्या कशा, ते पाहू.

फिलिपिन्स हा आशियातला सात हजारांहून जास्त बेटांचा देश. आधी तिथे स्पेनचं राज्य होतं. १८९८ साली तो अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि १९४६ साली स्वतंत्र झाला. या काळात हजारो फिलिपिनो मजूर अमेरिकेत गेले. कोणी कॅलिफोर्नियाच्या शेतात राबले, कोणी अलास्कात मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात. आणि अमेरिकेतून फिलिपिन्सच्या बाजारात आले डबे आणि बाटल्या. त्यातच होता टोमॅटो केचप.

याच काळात, १९१६ साली, मारिया ओरोसा ही तरुणी शिकायला अमेरिकेतल्या सिएटल शहरात गेली. सुट्टीत अलास्काच्या त्याच मासळी कारखान्यात काम करून तिने शिक्षणाचा खर्च भागवला. रसायनशास्त्रातल्या पदव्या घेतल्या. तिथे नोकरीची संधी होती, पण १९२२ साली ती मायदेशी परतली आणि मनिला शहरात सरकारी विज्ञान खात्यात लागली.

तिचं म्हणणं साधं होतं. आपल्याकडे फळं, धान्य, मासे भरपूर आहेत, मग खाण्याचे डबे परदेशातून का आणायचे? फिलिपिन्समध्ये ‘साबा’ नावाची जाड, भाजीची केळी मुबलक पिकतात. ती शिजवून, घोटून, त्यात व्हिनेगर, साखर आणि मसाले घालून तिने केचप केला. केळ्याचा रंग मुळात पिवळट-तपकिरी. लोकांना केचप लाल पाहायची सवय, म्हणून पुढे त्यात लाल रंग घालायची पद्धत पडली.

मारियाबाई प्रयोगशाळेतच बसून राहिल्या नाहीत. त्या गावोगाव गेल्या. बायकांच्या मंडळांना पीक टिकवणं, कोंबड्या पाळणं, घरच्यांना पोषक जेवण देणं शिकवलं. गावात वीज नव्हती, म्हणून मातीच्या मडक्याची भट्टी तयार केली.

दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपिन्स घेतलं आणि लोकांचे खायचे हाल झाले. मारियाबाईंनी सोयाबीनची पौष्टिक पावडर आणि भाताच्या कोंड्याची बिस्किटं केली. कोंड्यात बी-१ जीवनसत्त्व असतं. ते कमी पडलं की बेरीबेरी होतो, हातपाय लुळे पडतात. हे खाणं छावण्यांतल्या कैद्यांपर्यंत चोरून पोचवलं जाई. मनिला सोडून जा, असं घरच्यांनी सांगितलं, तरी त्या कामावरच राहिल्या. १३ फेब्रुवारी १९४५ रोजी शहरातल्या लढाईत तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्यांचा जीव घेतला.

केळ्याचा केचप मात्र टिकला. १९४२ साली मॅग्दालो फ्रान्सिस्को या उद्योजकाने तो कारखान्यात करायला घेतला. स्वतःच्या नावाची अक्षरं जोडून त्याने ‘माफ्रान’ हे नाव दिलं. पुढे हा केचप फिलिपिन्समधल्या कोळशावरच्या मांसाच्या काड्यांना लागला. मांस मुरवताना सोया सॉस आणि लसणाबरोबर अनेक जण तो घालतात. अमेरिकन बार्बेक्यूच्या सॉसमध्ये टोमॅटो, व्हिनेगर आणि साखर असते. केळ्याच्या केचपमध्ये टोमॅटोची जागा केळ्याने घेतली, बाकी आंबटगोड तेच. म्हणून दोन्ही चवी सहज जुळतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या फिलिपिनो कुटुंबांनी ही चव तिकडे नेली. जिथून टोमॅटो केचप आला, तिथेच आता केळ्याचा केचप दुकानात मिळतो.

मैत्रिणींनो, मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कारखाना काढणं, माल विकणं, हेही कष्टाचंच काम आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण बाटलीवर नाव आलं विकणाऱ्याचं, शोधणारीचं नाही. मारियाबाई सरकारी शास्त्रज्ञ होत्या, त्यांच्या कामाची नोंद राहिली, म्हणून आज आपल्याला त्यांचं नाव तरी कळतं. ज्या गावच्या बायकांनी त्यांच्याकडून शिकून घरोघरी बरण्या भरल्या, त्यांची नावं कुठे आहेत?

आपल्या गटातही पापड, लोणचं, मसाला होतो. कोणीतरी एक ताई प्रमाण बसवते, आणि वर्षभराने तो ‘गटाचा मसाला’ होतो. तो गटाचा आहेच, विक्रीचे पैसे गटाचेच. पण येत्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत एक ओळ लिहा: हे प्रमाण कोणी बसवलं, कोणत्या साली, आणि तिला ते कोणी शिकवलं. आई असो, सासू असो, नाव पूर्ण लिहा.