तळटीप : ‘(ढोलकी)’
संहितेत कंसात एवढा एकच शब्द आहे. वाचताना त्यावरून नजर सहज पुढे सरकते, प्रयोगात मात्र हशा तिथेच पिकतो. वगनाट्यात वादक पडद्याआड नसतात. ढोलकी कमरेला बांधलेला ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झांजवाला सगळे प्रेक्षकांसमोरच उभे असतात. सोंगाड्याचे वाक्य संपते न संपते तोच थाप पडते. थाप लवकर पडली तर कोटी झाकली जाते, रेंगाळली तर हशा विरतो. त्यातून संवाद रोज बदलणारे! वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये (१९६५) दादा कोंडके ताज्या घडामोडींवर ऐनवेळी कोट्या करीत. तिथे ध्वनिमुद्रित संगीताचा काय उपयोग? ढोलकीवाल्याला नटाचा श्वासच ओळखावा लागतो. सुरत्ये झील धरतात, तेवढ्या अवधीत सोंगाड्याला पुढचे सुचते.