तीन बाय सहा

शिडी धरा. वर चढलेल्या माणसाच्या एका हातात चिकटपट्टीचं रीळ आहे, दुसऱ्यात पुठ्ठ्यांची चळत. आधाराला तिसरा हात त्याच्याकडे नाही, म्हणून शिडी तुम्ही धरायची.

तारीख २७ नोव्हेंबर १९८५, गाव सॅन फ्रान्सिस्को. समोर केंद्र सरकारच्या कचेऱ्यांची इमारत. सात वर्षांपूर्वी याच तारखेला इथले महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरसेवक हार्वी मिल्क यांना सिटी हॉलमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. मिल्क समलिंगी होते आणि तसं उघड सांगून निवडून आले होते. तेव्हापासून दर वर्षी या रात्री लोक मेणबत्त्या घेऊन चालत येतात. यंदा मोर्चाची जुळवाजुळव करणाऱ्या क्लीव्ह जोन्सने एक जादा काम सांगितलंय. मिल्क यांच्या तालमीत तयार झालेला हा एकतीस वर्षांचा कार्यकर्ता. शहरात एड्सने गेलेल्यांचा आकडा हजारावर गेल्याचं त्याला कळलंय. त्या हजारात तुमचं जे कोण असेल त्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहा, असं त्याने सगळ्यांना सांगितलंय.

तुमच्या शेजारची बाई मार्कर उघडून नुसतीच उभी राहते. मग दोन आद्याक्षरं लिहिते. मग पुठ्ठा उलटा करते आणि मागच्या बाजूला पूर्ण नाव लिहिते, आडनावासकट. तुम्ही तो वर सरकवता.

शिडी काढल्यावर मागे सरून भिंत बघा. पुठ्ठे वेडेवाकडे, कुणाचं अक्षर टपोरं, कुणाचं खरडलेलं, वाऱ्याने कडा फडफडतायत. जोन्सला त्यात आजीच्या घरची गोधडी दिसते. तुम्हालाही दिसेल, पण ती तुमच्या आजीची: लुगड्याचे काठ, मामाच्या सदऱ्याची बाही आणि मधेच कुठेतरी एका न जगलेल्या भावाचं झबलं, ज्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

दीड-दोन वर्षं पुढे चला. मधला काळ सांगण्यासारखा नाही. जोन्स अशी नावांची गोधडी करायची कल्पना सांगत फिरतो आणि मित्र त्याला वेड्यात काढतात. कुणाला ती फार करुण वाटते, कुणाला फार किचकट. ज्यांना पटते त्यांतले काही जण मधेच मरतात. शेवटी परसात चादर पसरून, अक्षरांचे साचे ठेवून, रंगाचा फवारा मारून जोन्सने पहिला तुकडा स्वतःच केला, मार्व्हिन फेल्डमन या मित्राच्या नावाचा.

आता १९८७ चा उन्हाळा, मार्केट स्ट्रीट. उन्हाळा म्हणायचा एवढंच. बाहेर धुकं आणि अंगात स्वेटर. दार ढकला. शिवणयंत्रांचा खडखडाट, गोंदाचा वास, जमिनीवर कापडच कापड. पाय जपून टाका, टाचण्या आहेत.

कुणीतरी तुमच्या हातात मोजपट्टी देतं. इथे नियम एकच आहे. प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, आणि दुमडायला चारी बाजूंनी दोन-तीन इंच कापड जास्तीचं. हे माप कुठून आलं ते विचारू नका. जमिनीवर पसरलेल्या एखाद्या तुकड्याशेजारी उभं राहिलात की तुमचं तुम्हाला कळेल. माणूस पुरायला एवढीच जागा लागते.

बाकी काय करायचं ते ज्याने त्याने ठरवायचं. रंग, सुई, गोंद, काहीही. एकावर चामड्याचं जाकीट जसंच्या तसं शिवलंय. एकावर जीनचा खिसा, एकावर टिकल्या आणि पिसं, एकावर लहानपणचं मऊ अस्वल. एकावर नुसतं पहिलं नाव आहे, कारण आडनाव घरच्यांना नको होतं. मृत्यूची बातमी पेपरात देतानाही पुष्कळ घरं ‘दीर्घ आजाराने’ एवढंच लिहितात. असे तुकडे कधी प्रियकर करतो, कधी आई, कधी शेजारी, कधी त्या माणसाला कधीच न भेटलेलं कुणीतरी.

इथे मला मधे बोलल्यावाचून राहवत नाही. ‘लोकसहभागातून कला’ हे शब्द आपण हल्ली उड्डाणपुलाच्या खांबांखाली फार ऐकतो. चित्रकार आधी खडूने रेघा मारून ठेवतो, रविवारी शाळेची मुलं येतात, कुठे निळा आणि कुठे पिवळा ते आधीच ठरलेलं असतं, मुलं रंग भरतात, फोटो निघतात. वाईट काहीच नाही त्यात. पण त्याला सहभाग म्हणायला माझी जीभ अडते. मार्केट स्ट्रीटवर रेघ फक्त कडेची आहे. ती मात्र इतकी पक्की की इंचभरही हलत नाही, म्हणून तर आतमध्ये कुणी काहीही करू शकतं.

त्या मापामागचं गणितही बघून घ्या. दोन उभे तुकडे शेजारी लावले की सहा बाय सहाचा चौरस होतो. आडवे एकाखाली एक ठेवले तरी तोच. असे चार चौरस, म्हणजे आठ तुकडे, जोडले की बारा बाय बाराचा एक ठोकळा. कडेला कॅनव्हासची पट्टी, पट्टीत पितळी डोळे, डोळ्यांतून दोरी. कुठलाही ठोकळा कुठल्याही ठोकळ्याशेजारी बसतो. कुणाच्या शेजारी कोण हे कुणी नीट ठरवलेलं नाही. आपल्या अर्थाने ही गोधडी नव्हेच. आत जुन्या पातळांचे थर नाहीत, धावदोरा नाही, ऊब नाही.

तुम्हाला मशीन येतं? मग बसा. पोस्टाने आलेला तुकडा आहे, चारी कडा दुमडून शिवायच्या. वरच्या कोपऱ्यात डेनिमचे चार पदर एकत्र आलेत, तिथे सुई अडते. पायाने दामटू नका, मोडेल. पाय काढा, चाक हाताने फिरवा, एक टाका, पुन्हा एक टाका, असं ते जाड वळण पार करा. मग उलट बाजूने दोरा ओढून गाठ मारा. ही गाठ वरून दिसणार नाही.

तेवढ्यात टिक-टिक-टिक असा बारीक आवाज होतो. दुसऱ्या टेबलावरूनही तसाच. मग तिसऱ्या. तीन माणसं हातातलं काम ठेवतात, खिशातून छोटी डबी काढतात, गोळी तोंडात टाकतात, पाणी पितात आणि पुन्हा कात्री उचलतात. हे एझेडटी. याच मार्चमध्ये सरकारी मान्यता मिळालेलं एड्सवरचं पहिलं औषध. दर चार तासांनी, रात्री झोपमोड करूनसुद्धा. डबी आठवण करून देते.

त्यांतला एक तुमच्या शेजारचा आहे. तो ज्याचं नाव कापडावर चिकटवतोय तो त्याचा कोण ते त्याने सांगितलेलं नाही. आणि तुम्ही तर पुढच्या काळातून आला आहात. १९९६ च्या सुमारास तीन औषधांची एकत्र मात्रा येईल आणि मरणाच्या दारातली माणसं उठून कामाला जाऊ लागतील, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे अजून नऊ वर्षं. त्याच्या मनगटाकडे बघून तुम्ही मनातल्या मनात हिशेब करता. तो विचारतो, ‘गुलाबी दोरा आहे का?’ दोरा द्या. बाकी काही बोलू नका.

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर एक आठवण करून देतो. आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, मद्रासला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले एचआयव्हीबाधित शोधले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. तुम्ही इथे सुईत दोरा ओवताय तेव्हा तिकडे आपल्याकडची यादी सुरू झालेली आहे, फक्त ती कुणी शिवत नाही.

जूनमध्ये पहिले चाळीस तुकडे सिटी हॉलच्या सज्ज्यावरून लटकवले होते. ते बघितल्यापासून टपालाचा ओघ थांबेना. आता नजर आहे ती ऑक्टोबरवर, वॉशिंग्टनवर.

११ ऑक्टोबर १९८७, पहाट. नॅशनल मॉलची हिरवळ दवाने ओली, एका टोकाला संसदेचा घुमट काळपट दिसतोय. तुम्ही पांढऱ्या कपड्यांत आहात, तुमच्यासारखेच आणखी सात जण. जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या वाटा आखल्यात, त्यांच्यामध्ये मोकळे चौक, आणि प्रत्येक चौकात एक घडी केलेला गठ्ठा. चार ठोकळे जोडून केलेला चोवीस बाय चोवीस फुटांचा भाग, चारी कोपरे पुन्हा पुन्हा मध्यावर आणून दुमडलेला, मिटलेल्या कमळासारखा.

याचा सराव केलेला आहे, तरी हात थरथरतात. आधी चौघे वाकतात, एकेक कोपरा धरतात, मागे सरतात. एक पाकळी सुटली. ते थांबतात. मग तुम्ही चौघे, त्यांच्या मधल्या जागांतून आत जाता, वाकता, धरता, मागे सरता. पुन्हा ते, पुन्हा तुम्ही. कुणी ‘हं, आता’ म्हणत नाही. शेवटी आठही जण कडा धरून उभे. कापड वर उचलता, त्याच्या पोटात वारा भरतो, क्षणभर ते तुमच्या छातीच्या उंचीवर तरंगतं. आठवा हिस्सा वळायचं, म्हणजे तिरका चौकोन चौकात बरोबर बसतो, आणि अलगद खाली. ओल्या गवतावर टेकताना त्याचा आवाज येतो, ओली चादर झटकल्यासारखा, पण हळू.

तिकडे नावं वाचायला सुरुवात झालीय, पहिला आवाज जोन्सचा. भाषण नाही, संगीत नाही, फक्त नावं. एकूण तुकडे १,९२०, फुटबॉलच्या मैदानाहून मोठी जागा भरली आहे. उभ्याने बघितलं तर रंगांचा समुद्र. वाचायचं असेल तर वाकावं लागतं, गुडघे टेकावे लागतात. दिवसभरात लोक वाकत राहतात. त्या सप्ताहाअखेरीस पाचेक लाख माणसं येऊन गेली.

दुपारी त्या वाटेवर एक वयस्क जोडपं येतं. नवरा घड्याळ बघतोय. बाई एका तुकड्याशी थांबते, वाकते, डेनिमच्या खिशावर हात ठेवते, आणि त्या जाड कोपऱ्यावरून अंगठा फिरवते. तिथेच तुमची सुई अडली होती. नवरा घड्याळ खाली करतो. तुम्ही दुसरीकडे बघा.

संध्याकाळी उलट क्रमाने घड्या. उलगडण्यापेक्षा हे अवघड, कारण आता प्रत्येक कोपऱ्यावर काय आहे ते तुम्हाला पाठ झालंय.

पुढच्या वसंतात हे सगळं ट्रकमध्ये घालून चार महिन्यांत वीस शहरांत नेतील. जिथे पसरतील तिथे लोक नवे तुकडे आणून देतील आणि परत येईपर्यंत संख्या सहा हजारांवर जाईल. तेव्हाही तुम्ही मार्केट स्ट्रीटवरच असाल, टेबलाशी, मांडीवर कापड घेऊन. फोन वाजतो. सगळ्यांचे हात गुंतलेत, म्हणून तुम्ही उचलता. पलीकडून एका बाईचा आवाज, कुठल्यातरी लहान गावातून. ती आधी मुलाचं नाव सांगते, मग थांबते, मग विचारते की कापड केवढं घ्यायचं.

तुम्ही सांगता. तीन फूट बाय सहा फूट. आणि दुमडायला थोडं जास्त घ्या.