गाडी काय इली नाय

चर्नी रोडच्या पुलावरून उतरताना तुमचा हात सवयीनं खिशाकडे जातो. मोबाइल नाही. थोडी नाणी आहेत आणि एक घडी घातलेली चिठ्ठी. तिच्यावर कुणीतरी निळ्या शाईनं मतदार यादीतला तुमचा क्रमांक लिहून दिलाय. फेब्रुवारी १९६७ चा तिसरा आठवडा. देशात चौथी सार्वत्रिक निवडणूक चालू आहे, लोकसभेची आणि विधानसभेची एकदमच, आणि तुम्ही मुंबई दक्षिणचे मतदार आहात. एकवीस पूर्ण आहेत ना? नसतील तर नुसतं बघत फिरा. अठराव्या वर्षी मत द्यायला मिळण्याला अजून बावीस वर्षं आहेत.

गिरगावात शिरा. भिंतींवर बैलजोडीच बैलजोडी. काँग्रेसचं हे चिन्ह रंगवणाऱ्यांचा हात इतका बसलाय की बैल आता रवंथ करू लागतील असं वाटतं. मधूनमधून वडाचं झाड दिसतं, ते संयुक्त समाजवादी पक्षाचं, म्हणजे संसोपाचं. झाड घाईत काढलेलं, पारंब्या कुठे आणि फांद्या कुठे ते कळत नाही.

पण लोक थांबून वाचताहेत ती भित्तिपत्रकं वेगळीच. मजकूर दोन-तीन ओळींचा. पाटील म्हणतात, मला देवसुद्धा पाडू शकत नाही. देवाचं राहू द्या, तुम्ही पाडू शकता.

पाटील म्हणजे स. का. पाटील, सदाशिव कान्होजी. केंद्रात रेल्वेमंत्री. १९४९ ते १९५२ सलग तीन वेळा मुंबईचे महापौर, मुंबई काँग्रेसचे वर्षानुवर्षांचे सर्वेसर्वा, काँग्रेसची थैली भरणारा माणूस. १९५२, १९५७, १९६२ अशा तीनही निवडणुका त्यांनी याच भागातून जिंकल्या. वर्तमानपत्रं त्यांना मुंबईचा अनभिषिक्त सम्राट म्हणतात आणि त्यात थट्टा फारशी नसते. समोर जॉर्ज फर्नांडिस, वय छत्तीस, महापालिकेतला नगरसेवक, टॅक्सीवाले, पालिकेचे सफाई कामगार आणि हॉटेलातल्या पोऱ्यांचा पुढारी. गोष्ट अशी सांगतात की पत्रकारांनी पाटलांना या उमेदवाराबद्दल विचारलं तेव्हा, कोण हा जॉर्ज फर्नांडिस, असा प्रतिप्रश्न आला. पत्रकार खोदत राहिले आणि देव संभाषणात आला. एवढं हातात पडल्यावर समाजवाद्यांना छापखाना गाठायला कितीसा वेळ लागतो!

एका चाळीच्या जिन्यावरून वर जा. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत एक आजोबा आरामखुर्चीत बसलेत, मांडीवर 'मराठा'. आचार्य अत्रे रोज सकाळी पाटलांना 'सदोबा' म्हणून सोलून काढतात आणि आजोबा ते चवीचवीनं वाचतात. मत मात्र पक्कं.

"पडायचा नाही हो तो. सत्तावन्नला पडला नाही, तो आता कसला पडतोय?"

या वाक्यापाशी थांबायला हवं. १९५५ च्या नोव्हेंबरात चौपाटीवर याच पाटलांनी सांगितलं होतं की पाच हजार वर्षांतसुद्धा मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. मराठी माणसाच्या काळजात ते वाक्य गोळीसारखं घुसलं, आणि दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनपाशी खऱ्या गोळ्या सुटल्या. पाच हजार वर्षं साडेचार वर्षांत संपली. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. पाटलांची खासदारकी मात्र तशीच राहिली. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत भलेभले वाहून गेले, तेव्हाही हा गडी मुंबईतून निवडून आला. कारण दक्षिण मुंबई म्हणजे नुसतं गिरगाव नव्हे. काळबादेवीच्या पेढ्या, मांडवीची गोदामं, फोर्टातल्या कचेऱ्या, पारशी, गुजराती, बोहरी, कुलाब्याचे साहेबलोक, सगळे या एका मतदारसंघात आहेत. मराठी राग कितीही खरा असला तरी एकट्यानं पाटलांना पाडायला अपुरा. आजोबांचा हिशेब बरोबर होता. फक्त दहा वर्षं जुना होता.

नवा हिशेब आतल्या खोलीत आहे. सूनबाई परातीत गहू निवडताहेत. रेशनचा, अमेरिकेहून आलेला. गहू कमी आणि खडे जास्त, असं त्या म्हणतात. दोन वर्षं पावसानं दगा दिलाय, बिहारात दुष्काळ आहे. गेल्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर पावणेपाच रुपयांना होता, तो साडेसात रुपयांना झाला. अवमूल्यन म्हणजे काय ते सूनबाईंना नीट सांगता येणार नाही, पण तेलाच्या बरणीची पातळी कुठवर आली ते बरोबर सांगता येईल. आणि १९६० च्या मे महिन्यात वॉशिंग्टनला जाऊन आयझेनहॉवरसोबत या पीएल ४८० गव्हाच्या करारावर सही करणारे अन्नमंत्री कोण, तर स. का. पाटीलच. १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, चार वर्षांत. तेव्हा तो पराक्रम वाटला होता. आज त्याच गव्हातले खडे निवडता निवडता गॅलरीतलं बोलणं सूनबाईंच्या कानावर पडतंय. त्या काही बोलत नाहीत. सासऱ्यांशी कशाला बोलतील?

संध्याकाळी खेतवाडीच्या नाक्यावर सभा आहे. व्यासपीठ म्हणजे दोन बाकडी. रस्त्याच्या कडेला फियाट टॅक्सींची रांग लागलीय आणि चालक टपाला टेकून उभे आहेत. आज धंदा नाही केला तरी चालेल, असं त्यांच्या उभं राहण्यातच दिसतं. चुरगळलेल्या खादीतला एक तरुण बोलायला उठतो. मराठीत सुरुवात करतो, मध्येच हिंदीत जातो, पुन्हा मराठीवर येतो. बोलण्याला मंगळुरी हेल आहे. शिवसेना स्थापन होऊन आठच महिने झालेत. तिकडे ईशान्य मुंबईत कृष्ण मेनन उभे आहेत, तर ते मद्रासी म्हणून सेना त्यांच्याविरुद्ध प्रचारात उतरलीय. आणि इथे तळकोकणातून आलेल्या अस्सल मराठी पाटलांना पाडायला मंगळूरच्या ख्रिस्ती मुलाच्या मागे गिरगावकर उभे राहू पाहताहेत. आपल्याकडच्या राजकारणाचं गणित कुणाला मांडून हवं असेल तर मी या संध्याकाळकडे बोट दाखवीन आणि गप्प बसेन.

सभा संपल्यावर चौपाटीपर्यंत चालत जा. पुतळ्यापाशी, टिळकांच्या. आसपासच्या बाकांकडे बघा. १९४९-५० च्या सुमारास हा जॉर्ज मुंबईत आला तेव्हा यांतल्याच एखाद्या बाकावर झोपायचा आणि मध्यरात्री पोलीस येऊन त्याला उठवायचे. पुढे वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची नोकरी मिळाली. मग गोदी कामगारांचे पुढारी प्लासिड डिमेलो भेटले आणि युनियन हेच घर झालं. पाच हजार वर्षांचं भाकीतही याच वाळूवर झालं. बाकावरच्या पोराला उठवणाऱ्या पोलिसाला आणि व्यासपीठावरच्या पाटलांना एकमेकांची खबर असायचं कारणच नव्हतं.

पाटलांवर अन्याय नको. असहकाराच्या हाकेला कॉलेज सोडून आलेला, तुरुंगवास भोगलेला, मुंबईची गल्ली न् गल्ली ओळखणारा हा माणूस. रात्री अकराला कुणा कार्यकर्त्याच्या घरी काय अडलंय ते त्याला ठाऊक असे, असा त्याचा एके काळचा लौकिक. पण खाती बदलत बदलत, पाटबंधारे, दळणवळण, अन्न, रेल्वे, माणूस दिल्लीत राहायला गेला की गल्लीची खबर कार्यकर्त्यांकडूनच येते, आणि कार्यकर्ते साहेबांना आवडेल तीच खबर नेतात. 'कोण हा' हा प्रश्न मला तरी उद्धटपणा वाटत नाही. त्यांना खरंच माहीत नसावं, असं वाटतं.

मतदानाची सकाळ. पालिकेच्या शाळेसमोर रांग लागलीय, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. तुमच्या पुढे एक चाळिशीचा माणूस आहे, खांद्यावर टॉवेल. इराण्याकडे भटारखान्यात कामाला. मालकानं तासाची सुट्टी दिलीय.

"गाव कुठलं?" तुम्ही विचारता.

"कुडाळाकडे." मग आवाज खाली आणून, "पाटील आमच्याच बाजूचो. रेल्वेमंत्री झालो. पण गाडी काय इली नाय."

एवढंच. मत कुणाला ते तो सांगत नाही, तुम्हीही विचारत नाही. बोटाला शाई लागते. दोन मतपत्रिका मिळतात, एक दिल्लीची, एक मुंबईची. पुठ्ठ्याच्या आडोशामागे रबरी शिक्का आणि शाईची गादी. शिक्का मारल्यावर घडी नीट घाला. ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली तर मत बाद व्हायची भीती. आडोशामागे तुम्ही एकटे आहात. कुठल्या चिन्हावर शिक्का मारलात ते मी बघितलेलं नाही.

मतमोजणीच्या रात्री झोपू नका. चॅनल नाहीत, तज्ज्ञ नाहीत, मुंबईत दूरदर्शन यायलाच अजून पाच वर्षं आहेत. पानवाल्याचा रेडिओ आहे आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेरचे फळे आहेत. खडूनं आकडे लिहिले जातात, पुसले जातात, पुन्हा लिहिले जातात. सुरुवातीला गर्दीत कुणी फार बोलत नाही. जॉर्ज पुढे आहे हे लोक वाचतात, पण ते तात्पुरतं आहे असं धरूनच वाचतात. पाटलांची मतं नंतर निघतील, श्रीमंत वस्त्यांच्या पेट्या उघडायच्यात अजून, असं एक जण समजावतो. दुसरा १९५२ मधलं मोरारजी देसाईंचं सांगतो. त्या वेळी ते बुलसारला अवघ्या १९ मतांनी पडले होते. तेव्हा एकेका मताची वाट बघा बाबांनो! पेट्या उघडतात. मतं निघतात. पाटलांची निघतात तशी जॉर्जचीही निघत राहतात, गिरगावातून आणि, बघा, नुसत्या गिरगावातूनच नाही.

मग कधीतरी खडू थांबतो. जॉर्ज फर्नांडिस, साडेअठ्ठेचाळीस टक्के. निम्म्याला थोडी कमीच, पण पाटलांहून बरीच जास्त. क्षणभर कुणालाच ओरडावंसं वाटत नाही. मग एका टॅक्सीचा भोंगा वाजतो, मग दुसरीचा, आणि पाहता पाहता रस्ताभर भोंगेच भोंगे. आजोबा गॅलरीत येऊन उभे राहिलेत. खाली वाकून विचारतात, "नक्की का रे?" सूनबाई मागे दाराशी. हसताहेत की नाही, अंधारात दिसत नाही.

पुढच्या एक-दोन दिवसांत देशभरातून तारा येतात. मद्रासकडे विरुधुनगरला कामराज एका विद्यार्थी पुढाऱ्याकडून १,२८५ मतांनी पडले. बंगालात अतुल्य घोष पडले. काँग्रेसचे सूत्रधार म्हणवणारे तीन दिग्गज एकाच फटक्यात घरी. लोकसभेत काँग्रेस २८३ वर आली, पाच वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी खाली. महाराष्ट्रात मात्र वसंतराव नाईकांच्या काँग्रेसनं २७० पैकी २०३ जागा घेतल्या, काही झालंच नाही अशा थाटात. म्हणजे लाट म्हणावी तर ती राज्यभर नव्हती. गिरगाव-खेतवाडी-कुलाब्यात जे झालं ते तिथल्या लोकांनी आपल्यापुरतं केलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, इथल्या कुणाला नाही. पाटील पोटनिवडणुकीतून गुजरातच्या बनासकांठ्याहून पुन्हा लोकसभेत जातील. मुंबईतून मात्र आता कधी नाही. जॉर्ज १९७१ मध्ये इथंच पडेल. रेल्वेमंत्र्याला पाडलेला हा माणूस १९७४ च्या मे महिन्यात देशभरची रेल्वे वीस दिवस अडवेल, १९७७ मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूरची जागा जिंकेल, आणि १९८९ मध्ये पाटलांच्याच रेल्वे खात्याच्या खुर्चीत बसेल. ही साखळी कुणाला सांगायला जाऊ नका. वेड्यात काढतील.

परतायच्या आधी भाऊच्या धक्क्यावर जा. पहाट आहे, बोटीला गर्दी, ट्रंका, वळकट्या, खोबऱ्याच्या पिशव्या, रडणारी पोरं. कोकणात जायचं तर हाच मार्ग, नाहीतर घाटातली एसटी. टॉवेलवाला माणूस तिथे ट्रंकेवर बसलाय. घरात लग्न आहे, आठ दिवसांची रजा मिळालीय. तुम्हाला ओळखतो, ट्रंकेवर सरकून जागा करून देतो.

"पडलो मां पाटील?"

"पडले."

तो समुद्राकडे बघतो. बोटाची शाई नखावर अजून काळी आहे. "आता कोकणात गाडी कोण हाडतलो? ह्या नव्या पोराक काय ठावक कोकणाचा?"

तुम्हाला माहीत आहे की हेच पोर रेल्वेमंत्री झाल्यावर कोकण रेल्वेचं महामंडळ उभं राहील, आणि १९९८ साली रोहा ते ठोकूर असा सगळा मार्ग सुरू होईल, कुडाळावरून. एकतीस वर्षं. तुम्ही त्याचं वय मनात मोजता. चाळीस आणि एकतीस.

"येतली गाडी," तुम्ही म्हणता.

तो पहिल्यांदाच तुमच्याकडे नीट बघतो, मालवणी बोलण्याची नक्कल केलीत म्हणून की आणखी कशासाठी, कळत नाही. बोटीचा भोंगा वाजतो. ट्रंक डोक्यावर घेऊन तो फळीवर पाय ठेवतो आणि तिथूनच मागे वळून ओरडतो.

"कधी?"