सर्पोद्यान, कात्रज (पुणे)

पुणे-सातारा रस्त्यावर, कात्रजच्या तलावाकाठी असलेले साप, मगरी, कासवे आणि घोरपडींचे उद्यान. स्थापना १९८६. पुणे महानगरपालिकेच्या राजीव गांधी प्राणी संग्रहालयाचा हा सर्वांत जुना भाग. सर्पोद्यान, प्राणी संग्रहालय आणि जखमी वा पोरक्या वन्य प्राण्यांचे अनाथालय अशा तीन अंगांचा हा परिसर सुमारे १३० एकरांचा आहे. त्यातले ४२ एकर एकट्या तलावाने व्यापले आहेत. अठराव्या शतकात पेशव्यांनी ज्या कात्रजच्या पाण्याने पुण्याचे हौद भरले, ते हेच ठिकाण. विदर्भ-मराठवाड्यातून पुण्याला येणाऱ्या शाळेच्या सहलीत शनिवारवाडा आणि सिंहगडाच्या जोडीला कात्रज बहुधा असतेच, आणि मुलांना घरी जाऊन सांगायला तिथलेच जास्त सुचते.

उद्यानाचे मूळ एका धाडसात आहे. नीलिमकुमार खैरे हे तरुणपणी माथेरानजवळ नोकरीला होते. त्या भागात साप दिसला की काठी, हा नेम. खैरे यांनी साप मारण्याऐवजी पकडून दूर सोडायला सुरुवात केली आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेशी त्यांचा संबंध आला. जानेवारी १९८० मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, ते पुण्यात ७२ विषारी सापांसोबत काचेच्या पिंजऱ्यात ७२ तास बसले. नाग, घोणस, पट्टेरी मण्यार असे एकापेक्षा एक जहाल सोबती होते. एकही दंश झाला नाही आणि गिनेस बुकात नोंद झाली. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करायचे होते. आज कोणी असा प्रयोग करायला निघाला तर वनखाते त्याला पहिल्याच तासाला बाहेर काढील, आणि ते योग्यच होईल. पण त्या तीन दिवसांनी पुण्यात सापांविषयी जे कुतूहल जागे केले, त्यावरच सहा वर्षांनी सर्पोद्यान उभे राहिले. त्या वेळी कात्रज शहराच्या वेशीबाहेर होते.

देशात याआधी असा प्रयत्न मद्रासला झाला होता. रोम्युलस व्हिटेकर यांचे सर्पोद्यान १९७२ पासून तिथल्या गिंडीत आहे आणि त्यांनीच १९७६ मध्ये शहराबाहेर मगरींची पेढी काढली. कात्रजचे वेगळेपण असे की इथे सर्पोद्यान आधी आले आणि प्राणी संग्रहालय मागाहून. सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कात १९५३ पासून असलेले वाघ-सिंह जागा अपुरी पडू लागल्याने कात्रजला हलवायचे ठरले आणि १९९९ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. पेशवे पार्कात मागे राहिली ती मुलांची आगगाडी, फुलराणी.

सर्पोद्यानात पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण बुलडाणा जिल्ह्यातल्या खामगावसारख्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातून येणाऱ्याने थांबावे ते नाग, घोणस, मण्यार आणि फुरसे या चौघांपाशी. महाराष्ट्रातले बहुतेक जीवघेणे दंश याच चार जातींचे, आणि आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत मिळणारे सर्पदंशावरचे प्रतिविष याच चौघांच्या विषावर उतारा म्हणून घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. नाग ओळखायला कोणी चुकत नाही, निदान त्याने फडा काढल्यावर तरी. मात्र फडा न काढलेला नाग आणि धामण यांत भल्याभल्यांची फसगत होते आणि मार खाते बिचारी धामण, जी शेतातल्या उंदरांवर जगते. घोणस जाड, सुस्त, अंगावर साखळीसारखे ठिपके; डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा लांबलचक फुत्कार सोडते. फुरसे जेमतेम हातभर. ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि खवल्यांचा करकर आवाज येतो. कोकणात ते विपुल, पण कोरड्या, दगडाळ मुलखातही ते असतेच.

मण्यारीची गोष्ट निराळी. ती रात्री फिरते, झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटते की काही बाधले असेल. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या मात्र पूर्ण बिनविषारी. दोघांच्या काळसर अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे मानेपासून थोडे अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीपर्यंत स्पष्ट राहतात. पुस्तकातले चित्र पाहून हा फरक लक्षात राहत नाही. काचेपलीकडे हातभर अंतरावर जिवंत साप संथपणे वळताना पाहिला की राहतो. डुरक्या घोणस, अजगराचे पिल्लू आणि खरी घोणस या तिघांचा घोळही असाच सुटतो. सर्पोद्यानाचा सर्वांत मोठा उपयोग कोणता असे विचारले, तर तो हा.

ही निव्वळ हौसेची बाब नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२०च्या एका अभ्यासात मांडला गेला. त्यांतले बहुतेक खेड्यांतले आणि सर्वाधिक मृत्यू पावसाळ्यात. खामगाव तालुक्यात नेमक्या त्याच दिवसांत निंदण-खुरपण चालू असते, पीक गुडघ्यापर्यंत आलेले असते आणि रात्री मोटार सुरू करायला बांधावरून जावे लागते. दंशाची जागा चिरणे, दोरीने करकचून बांधणे, मांत्रिकाकडे नेणे हे तिन्ही उपाय घातक. हातपाय न हलवता, धीर देत, वेळ न दवडता दवाखाना गाठणे एवढेच हाती असते.

मगरतळ्यापाशी गर्दीचा स्वभाव बदलतो. सापाला बिचकणारी माणसे मगरीला मात्र खडा मारून पाहतात, कारण ती हलत नाही. जबडा उघडा टाकून मगर तासन्तास पडून राहते ती शरीराचे तापमान सांभाळण्यासाठी. तोंडाच्या ओलसर त्वचेतून उष्णता बाहेर जाते आणि डोके थंड राहते. तळ्यात भिरकावलेली नाणी तिच्या पोटात जाऊ शकतात, हे नाणे टाकणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. भारतात मगरींच्या तीन जाती: गोड्या पाण्यातली मगर, खाडीतली मगर आणि लांब, निमुळत्या तोंडाची सुसर. कात्रजला दिसते ती पहिली. तिच्या पिल्लांचे लिंग अंड्यात गर्भ धरतानाच ठरत नाही, ते घरट्याच्या उबेवर ठरते: २८ ते ३१ अंश सेल्सिअसला माद्या आणि साडेबत्तीसच्या आसपास नर. बगळे घरटी बांधतात त्या हंगामात मगर नाकाडावर काटक्या घेऊन पाण्यात निश्चल पडून राहते, आणि काडी उचलायला बगळा आला की झडप घालते. मद्रासच्या पेढीत हे पाहिले गेले आणि २०१३ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. सरपटणारे प्राणी मठ्ठ, हा समज त्यानंतर निदान मगरीपुरता तरी टिकू नये.

जंगली मगर पाहायला महाराष्ट्रात फार दूर जावे लागत नाही. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या पात्रात, महाडला सावित्रीत, चिपळूणला वाशिष्ठीत आणि मुंबईच्या पवई तलावात त्या आहेत. कृष्णाकाठी नदीत उतरणाऱ्या माणसांवर हल्लेही झाले आहेत. पिंजऱ्यातल्या मगरीला खडा मारणाऱ्याने एकदा कृष्णाकाठच्या भिलवडीच्या घाटावर उभे राहून पाहावे.

नागराज हा सर्पोद्यानातला मानकरी. जगातला सर्वांत लांब विषारी साप, साडेपाच मीटरपर्यंत वाढणारा, मुख्यतः इतर साप खाणारा. त्याची मादी पाला गोळा करून अंड्यांसाठी घरटे रचते. सापांत असे घरटे करणारी दुसरी जात नाही. दख्खनच्या पठारावर तो आढळत नाही, त्यामुळे वऱ्हाडातल्या माणसाने गावात नागराज पाहिल्याचे सांगितले तर ती बहुधा थोराड धामण समजावी.

नागपंचमीच्या सुमारास सर्पोद्यानात प्रबोधनाचे कार्यक्रम होतात. सापाला दूध पाजणे हा त्यातला ठरलेला विषय. दूध सापाचे अन्न नव्हे. गारुड्याने कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला साप समोर येईल ते द्रव पितो, एवढेच. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची जिवंत नागाची पूजा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि तिच्यावर निर्बंध आले. तिथल्या लोकांची त्यावरची नाराजी पुष्कळ वर्षे राहिली. सापाला वाचवणारा कायदा १९७२चा असला तरी श्रद्धेशी त्याची गाठ पडते तेव्हा समजूत घालायला वर्षे जातात, आणि ते काम वटहुकमापेक्षा अशा बागेतला माहिती सांगणारा माणूस बरे करतो.

खामगावात वा बुलडाणा जिल्ह्यात असे सर्पोद्यान नाही. खामगाव-बुलडाणा रस्त्यावर बोथ्याच्या घाटात लागणारे ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे आहे. बिबटे, अस्वले आणि नीलगायींसाठी ते ओळखले जाते. टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ २०१९च्या अखेरीस तिथेच विसावला होता. साप तिथेही आहेत, पण रानातला साप पाहायला मिळणे नशिबाचा भाग, आणि मिळाला तरी तो वेटोळे मोजायला थांबत नाही. नागपूरचे गोरेवाडा प्राणी उद्यान २०२१ मध्ये खुले झाले, मात्र तिथली सफारी वाघ, बिबटे आणि अस्वलांची. सरपटणारे प्राणी निवांत पाहायचे तर पुणे गाठावे. शेगावहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट पुण्याला जाते. स्वारगेटहून कात्रजला शहर बस सतत असतात. मगरी पाहायला हिवाळ्यातली सकाळ उत्तम, कारण तेव्हा त्या ऊन खायला काठावर येतात; उन्हाळ्यातल्या दुपारी पाण्यावर फक्त नाकपुड्या दिसतात. संग्रहालय बुधवारी बंद असते.