शेजाऱ्याची जामीनकी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि त्यांचे कर्जरोखे जाळले. ही हकिगत आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु रोखे जळाले तरी पुढच्या पेरणीचे बियाणे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न काही जळाला नाही. त्याचे एक उत्तर तोवर जर्मनीतील काही खेड्यांत सापडले होते.

फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा १८४५ साली ऱ्हाईन नदीच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात, वायरबुश येथे काही गावांचा प्रमुख अधिकारी होऊन आला. पुढच्याच वर्षी पीक बुडाले. त्याने सुखवस्तू लोकांकडून पैसा गोळा केला, गावची भट्टी उभारली आणि गरिबांना उधारीने भाकरी दिली. पुढे फ्लामर्सफेल्डला दुसरी मंडळी काढून शेतकऱ्यांना हप्त्यांनी गुरे घेऊन दिली. काम मोठे पुण्याचे, यात संशय नाही. पण दात्यांचा उत्साह टिकेना. दानाचा झरा उन्हाळ्यात आटतो, आणि गरज तर उन्हाळ्यातच! स्वभावाने धर्मशील असलेल्या या गृहस्थाला ही गोष्ट मान्य करावयास बरीच वर्षे लागली.

१८६४ साली हेडेसडॉर्फ येथे त्याने निराळा नियम केला : ज्याला कर्ज हवे त्याने सभासद झालेच पाहिजे, आणि मंडळीच्या देण्याला प्रत्येक सभासद आपल्या सर्व मालमत्तेनिशी जबाबदार. ऐकून छाती दडपते. पण खरी मेख येथेच आहे. शेजाऱ्याने बैलासाठी घेतलेले पैसे लग्नाच्या जेवणावळीत उडविले, तर माझी जमीन धोक्यात! मग मी त्याच्या गोठ्यात डोकावणारच. म्हणून मंडळीचे क्षेत्र लहान, एकमेकांना ओळखणाऱ्यांपुरतेच, कारभारी बिनपगारी, नफा वाटून न घेता गंगाजळीत. कंगालांची पत अशी एकत्र बांधली, तेव्हा बाहेरचा पैसाही तिच्यावर विसंबू लागला.

मद्रास सरकारचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील या मंडळ्यांचा अभ्यास करून १८९५ व १८९७ साली आपला अहवाल दिला. १९०४ साली हिंदुस्थानात कायदा झाला. दहा माणसे जमली की पतपेढी काढता येई, आणि खेड्यांतील पेढीला अमर्याद जबाबदारीचाच नियम लागला. १९०५ साली तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे सिद्दनगौडा पाटील यांनी पेढी स्थापिली. हे गाव त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. आज ते कर्नाटकात आहे.

पुढे पेढ्या पुष्कळ निघाल्या. मात्र ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही होते, तो अमर्याद जबाबदारीला भिऊन दूर राहिला. उरलेल्यांना एकमेकांची गरज माहीत, पण पत कोणाचीच नाही. शिवाय पेढी सरकारी अधिकाऱ्यांच्या प्रेरणेने निघाली, की ती सरकारची वाटे. आणि सरकारचे पैसे बुडाले म्हणून शेजाऱ्याच्या गोठ्यात कोण डोकावतो? १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत आढळले, की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी पेढ्यांकडून आलेले कर्ज शेकडा जेमतेम ३ होते. त्या पाहणीच्या समितीने मोठ्या पेढ्या, मर्यादित जबाबदारी आणि सरकारची भागीदारी यांची शिफारस केली. १९५८ साली राष्ट्रीय विकास परिषदेने पुन्हा गावापुरत्या पेढीचा ठराव केला.