वाटी नेमकी केवढी? पाककृतींची पुस्तकं वाचताना

पाककृतींचं जुनं पुस्तक संशोधनासाठी हातात घेतलं की आपण आधी पदार्थांची नावं शोधतो. बटाटा कुठे दिसतो, टोमॅटो कधी आला वगैरे. ते कराच. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारा: स्वयंपाक न येणाऱ्या कोणत्या माणसासाठी हे लिहिलंय? कारण ज्याला येतो त्याला पुस्तक फारसं लागत नाही.

मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांपैकी एक म्हणजे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र', 1875 सालचं. लेखक पुरुष, आणि त्या काळी वाचता येणाऱ्या बायका फारच थोड्या. मग वाचक कोण? याचं उत्तर घाईने देऊ नका, कारण प्रबंधाचं एखादं प्रकरण नेमकं याच प्रश्नातून निघू शकतं.

दुसरा धागा मापांचा. जुन्या पाककृतींत शेर, तोळा, मासा येतात. 80 तोळ्यांचा शेर, म्हणजे साधारण 933 ग्रॅम, असं टिपून तुम्ही पुढे जाल आणि तिथेच फसाल. वजनी शेर वेगळा, मापी शेर वेगळा, शिवाय गावागणिक फरक. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा. ती बाजारात रुळली 1960 च्या आसपास. पण वाण्याकडे किलो आले म्हणून घरच्या ओट्यावर तराजू आला असं नाही.

आता कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' घ्या, 1970 ची. तिचं माप वाटी-चमच्याचं. कोणी म्हणेल, हे कसलं माप, प्रत्येक घरची वाटी वेगळी! खरंय. पण एक वाटी रवा आणि अडीच वाट्या पाणी म्हटलं, की वाटी केवढी का असेना, उपमा जमतो. प्रमाण वाटीवर अवलंबून नाही, फक्त तीच वाटी शेवटपर्यंत वापरायची. मला हे फार हुशारीचं वाटतं. शेजारी सासू किंवा आई उभी नसलेल्या, ऐनवेळी चार पाहुणे येणार असलेल्या नवख्या माणसाला असंच माप हवं.

तरी काही गोष्टी कुठल्याच मापात बसत नाहीत. 'तेल सुटेपर्यंत परता', 'खमंग वास येईपर्यंत भाजा', 'मीठ चवीनुसार'. अशा जागांवर पेन्सिलीने खूण करत चला. इथे लेखिका गृहीत धरते की वाचणाऱ्याने हा वास आधी कधीतरी घेतलाय. एखादी पाककृती स्वतः करून बघितलीत तर पुस्तक कुठे गप्प बसलंय ते लगेच कळतं. (मित्रांना जेवायला बोलावून करा. एकट्यासाठी केलं की आपण काहीही चालवून घेतो.)

अवघड भाग आहे आनंदाचा. पहिल्यांदा स्वतःच्या हातचं दुसऱ्यांना वाढताना वाटणारी धाकधूक, आणि ताट रिकामं झाल्यावरचं समाधान, हे अभिलेखागारात सापडत नाही. परदेशी निघालेल्यांच्या बॅगेत 'रुचिरा' असायचीच, हे म्हणे सगळ्यांना ठाऊक आहे; पण 'सगळ्यांना ठाऊक' हा पुरावा नव्हे. त्यासाठी वापरलेल्या प्रती बघाव्या लागतात. तेलाचे डाग कुठल्या पानावर आहेत? समासात 'तिखट कमी' कोणी लिहिलंय? कोरी करकरीत पानंसुद्धा माहिती देतात.

आणि मुलाखती घ्या. 'तुम्हाला स्वयंपाक आवडायचा का?' असं विचारलंत तर आजी 'हो' म्हणतील आणि विषय संपेल. त्याऐवजी विचारा, 'घरात कोणी मोठं नसताना पहिल्यांदा पाहुण्यांना जेवायला काय केलं होतंत?' आणि मग रेकॉर्डर चालू ठेवून गप्प बसा.