उसनी नावे, स्वतःची गोष्ट : डस्टिन न्गुयेनची वाटचाल

व्हिएतनाम म्हटले की माझ्या पिढीतल्या मराठी प्रेक्षकाला प्रथम आठवतो तो अमेरिकी युद्धपट. घिरट्या घालणारी हेलिकॉप्टर्स, भाताची खाचरे, आणि त्यात मनाने मोडून पडलेला एखादा अमेरिकी सैनिक. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) आणि ‘प्लॅटून’ (१९८६) या दोन गाजलेल्या चित्रपटांचे चित्रण झाले फिलिपिन्समध्ये. म्हणजे ज्या देशाची ही गोष्ट, त्याची मातीसुद्धा पडद्यावर नाही. माणसे दिसतात ती पळताना, मरताना, झाडीतून गोळ्या झाडताना. त्यांना नाव क्वचितच असते. या बिननावाच्या गर्दीत असलेल्या माणसांनी स्वतः सिनेमा करायला घेतला तेव्हा काय झाले, या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मी डस्टिन न्गुयेन या नटापाशी येऊन थांबलो.

त्याचे मूळ नाव न्गुयेन शुअन त्री. व्हिएतनामी रीतीप्रमाणे आडनाव आधी. जन्म १९६२ चा, सायगावचा. वडील शुअन फात हे विनोदी नट, आई मी ले अभिनेत्री. म्हणजे घरातच रंगभूमी होती. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले आणि हे घर निर्वासित झाले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. ग्वाम बेट, मग आर्कान्सा राज्यातील फोर्ट चॅफी ही छावणी, मग मिसूरी राज्यात नवा संसार, अशी ती वाट होती. पुढे कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज कोस्ट कॉलेजात त्याला अभिनयाची गोडी लागली. मार्शल आर्ट्सचा सराव होताच.

प्रसिद्धी मिळाली ती ‘२१ जंप स्ट्रीट’ या पोलीस मालिकेने. १९८७ साली सुरू झालेल्या या मालिकेने जॉनी डेप घराघरांत पोचला. त्याच तुकडीत डस्टिन होता. त्याच्या पात्राचे नाव हॅरी ट्रूमन इओकी, वंशाने जपानी. आशियाई चेहरा हवा, तो कोणत्या देशाचा याची फिकीर नको, हा त्या काळच्या दूरचित्रवाणीचा खाक्या. पण त्याच वर्षी ‘ख्रिसमस इन सायगाव’ हा भाग आला आणि त्यात उलगडा झाला : इओकी जपानी नाहीच. तो १९७५ मध्ये सायगावातून निसटलेला व्हिन व्हान त्रान नावाचा मुलगा आहे. पोलीस होण्यासाठी त्याने दुसऱ्याची ओळख घेतली आहे. नटाचे आयुष्य असे पात्रात शिरले. तरी मालिकेत त्याला सगळे हाक मारत राहिले ती इओकी म्हणूनच.

१९९३ मध्ये ऑलिव्हर स्टोनच्या ‘हेवन अँड अर्थ’मध्ये त्याला छोटी भूमिका मिळाली. व्हिएतनामी स्त्रीच्या आत्मकथनावर बेतलेला हा हॉलिवुडपट अपवादच म्हणायचा. नंतर ‘व्ही.आय.पी.’सारख्या मालिका आल्या. २००५ च्या ‘लिटल फिश’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटात केट ब्लँचेटसमोर त्याने उत्तम काम केले. पण गोष्ट त्याची नव्हती.

दरम्यान व्हिएतनाम बदलत होता. १९८६ च्या ‘दोई मोई’ सुधारणांनी अर्थव्यवस्था खुली झाली, १९९५ मध्ये अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले. पुढे खासगी चित्रपटसंस्था उभ्या राहिल्या आणि परदेशी वाढलेले व्हिएतनामी, ज्यांना तिथे ‘व्हिएत किएउ’ म्हणतात, कॅमेरे घेऊन परतू लागले. चार्ली न्गुयेनच्या २००७ च्या ‘द रिबेल’मध्ये डस्टिन फ्रेंच सत्तेची चाकरी करणारा क्रूर अधिकारी झाला. मायदेशी परतलेल्याने मायदेशाचा द्रोही रंगवावा, यात मला मोठे धाडस दिसते.

त्याहून मोठी कसोटी २०१० ची. न्गुयेन न्गोक तू या लेखिकेची मेकाँग खोऱ्यातली दीर्घकथा गाजली, तशीच स्थानिक पक्षाधिकाऱ्यांच्या रोषालाही पात्र झाली होती. तिच्यावरच्या ‘फ्लोटिंग लाइव्ह्ज’मध्ये डस्टिनने बायको सोडून गेल्यावर बदकांचे थवे घेऊन दोन मुलांसह भटकणारा बाप साकारला. मारामारी नाही, हॉलिवुडी ऐट नाही. चिखल आणि पाणी एवढेच भोवती.

दिग्दर्शक म्हणून तो पुढे आला २०१३ मध्ये, ‘वन्स अपॉन अ टाइम इन व्हिएतनाम’ घेऊन. योद्धा भिक्षू, मोटारसायकल, कुठल्याच काळात न बसणारे गाव अशी ती मिसळ. दृश्ये देखणी, कथा माझ्या मते विरळ. मात्र एक संदर्भ ध्यानात ठेवावा. तिथे चित्रपट दाखवायला सरकारी परवाना लागतो, आणि त्याच वर्षी चार्ली न्गुयेनच्या सायगावातील टोळ्यांवरच्या चित्रपटावर बंदी आली. काल्पनिक काळ हा अशा ठिकाणी दिग्दर्शकाला आडोसाही ठरू शकतो.

२०१५ च्या ‘जॅकपॉट’मध्ये मात्र आडोसा नाही. दक्षिण व्हिएतनामात लॉटरीची तिकिटे पायी हिंडून विकणारी माणसे गल्लोगल्ली भेटतात; तिकीट दहा हजार डोंगांचे, म्हणजे तेव्हाचे जेमतेम तीस रुपये. एका विक्रेतीकडे गिऱ्हाइकाने उधारीवर ठेवायला सांगितलेले तिकीट लागते. पैसे मिळालेले नाहीत, तिकीट तिच्याच हातात आहे. ती ते परत करते. खऱ्या घटनेवरून सुचलेली ही कथा त्याने हसतखेळत सांगितली, आणि व्हिएतनामने ती ऑस्करसाठी अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवली. युद्धाने ओळखल्या जाणाऱ्या देशाची ही ओळख युद्धाशिवायची होती. विनोदी नटाचा मुलगा त्यात मला स्पष्ट दिसतो.

नंतर तो पुन्हा अमेरिकी पडद्यावर दिसला. ब्रूस लीच्या कल्पनेवर आधारलेल्या ‘वॉरियर’ मालिकेत त्याने चिनी टोळीप्रमुख केला. पण आता त्या मालिकेचा एक भाग दिग्दर्शितही केला. २०२३ साली सनडान्स महोत्सवात ‘द अ‍ॅक्सिडेंटल गेटअवे ड्रायव्हर’ आला. त्यात डस्टिन तुरुंगातून पळालेला कैदी आहे, आणि त्याने ओलीस धरलेल्या म्हाताऱ्या चालकाशी त्याचे हळूहळू नाते जुळते. पात्राचे नाव ताय. दोघे बोलतात ते बहुतांशी व्हिएतनामी भाषेत.

इओकीपासून तायपर्यंत छत्तीस वर्षे गेली. अमेरिकी पडद्यावर त्याला आपल्या भाषेतले नाव आणि आपली भाषा मिळायला एवढा काळ लागला. मधल्या काळात मायदेशी जाऊन त्याने आपली गोष्ट आपणच सांगायला घेतली होती. प्रवासी समाजांच्या सिनेमाचा इतिहास कोणी लिहील तेव्हा या प्रवासाची नोंद त्यात असायला हवी.